नदीचें पाणी आणि गांवाचें सांडपाणी

भामरागड येथें पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात, हें आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. इंद्रावती ओडिशांतील डोंगरांत उगम पावून, बस्तरांत जगदलपूर शहराजवळून वाहत इकडे येते व पुढें सिरोंचा तालुक्यांत सोमनूरपाशीं गोदावरीस मिळते. अशा अरण्यांतल्या नदीस गटाराची भीति ती कसली, असें कोणी म्हणेल. परंतु जेथें वस्ती तेथें सांडपाणी आलेंच. आणि तें उताराची वाट धरून शेवटीं नदींतच जातें.

सांडपाण्याच्या १०० भागांत ९९ हून अधिक भाग निव्वळ पाणीच असतें. उरलेला अंश मैला, साबण, तेल, अन्नाचे कण व जंतु यांचा. एवढ्याशा अंशानें नदी कां बिघडावी? ३० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरास जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. मासे याच प्राणवायूवर जगतात. मैला पाण्यांत पडला कीं सूक्ष्म जंतु तो खाऊं लागतात, आणि खातांना हाच प्राणवायु वापरतात. प्रवाह मोठा असेल तर वाऱ्यानें व खळाळानें तूट भरून निघते. परंतु चैत्र-वैशाखांत पात्र आटतें, तेव्हां तीच घाण भारी पडते. मासे तडफडतात, पाणी काळवंडतें. पटकीचे व विषमज्वराचे जंतु ही गोष्ट तर निराळीच. ते डोळ्यांस दिसत नाहींत, आणि पाणी नितळ आहे म्हणून ते त्यांत नाहींत असें समजणें ही मोठीच चूक होय.

शुद्धीकरण म्हणजे नदींत जें सावकाश घडतें, तेंच हौदांत थोड्या वेळांत घडवून आणणें. प्रथम जाळीनें चिंध्या व पाला अडवितात, मग वाळू व गाळ खालीं बसूं देतात. एवढें तर कोणीही विद्यार्थी पेल्यांत गढूळ पाणी ठेवून घरींच पाहूं शकेल. विरघळलेली घाण मात्र बसत नाहीं. ती जंतूंकडूनच खाववावी लागते. १९१४ सालीं मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट या रसायनज्ञांनीं सांडपाण्यांत हवेचे बुडबुडे सोडण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या खेपेस पाणी शुद्ध व्हावयास सुमारें पांच आठवडे लागले होते. त्यांनीं वरचें पाणी काढून टाकलें, परंतु तळचा गाळ राखून त्यावर नवें सांडपाणी घातलें. असें वारंवार करतां करतां तेंच काम एका दिवसांत होऊं लागलें. टाकून द्यावयाच्या गाळांतच कामकरी जंतु होते! विरजण राखून ठेवणाऱ्या आमच्या माताभगिनींस यांत फारसें नवल वाटणार नाहीं.

नागपूरची नाग नदी शहराचें मैलापाणी घेऊन कन्हानेस मिळते व कन्हान वैनगंगेस. आणि वैनगंगा तर चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधील सीमाच. म्हणजे नागपूरच्या न्हाणीघरांतील पाणी आपल्या दाराशीं येतें. तेथें भांडेवाडीस शुद्ध केलेलें रोजचें १३ कोटि लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची योजना झाली, ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. कारण तितकें चांगलें पाणी धरणांतून उपसावें लागत नाहीं.

भामरागडास एवढें मोठें यंत्र नको. हवा फुंकणाऱ्या यंत्रास अखंड वीज लागते. लहान गांवास त्यापेक्षां उथळ तळीं बरीं, ज्यांत सूर्यप्रकाशांत वाढणारें शेवाळ प्राणवायु पुरवितें. येथली खरी अडचण पुराची आहे. २०१९ च्या पावसाळ्यांत पर्लकोट्याचें पाणी गांवांत वारंवार शिरलें. अशा वेळीं शौचकूपांचे खड्डे, गटारें व विहिरी एक होऊन जातात, आणि पूर ओसरल्यावर पाणी उकळून पिण्यावांचून गत्यंतर नसतें. तेव्हां तळें काय किंवा शोषखड्डा काय, पुराच्या रेषेच्या वर हवा. ती रेषा कोठवर जाते, कोणत्या सालीं पाणी कोणाच्या ओट्यास लागलें, हें बाजारांतील वृद्ध माणसें बोट दाखवून सांगूं शकतील. नकाशा काढणाऱ्या इंजिनियरानें तें आधीं विचारून घ्यावें.