जंगलवाटेवरची सायकल : हौस हवी, काळजीही हवी



राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील मुले-मुली आज परदेशी विद्यापीठांत शिकतात. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघालेले लेकरू सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरात सायकल चालवायला जाते आणि घरी फोटो पाठवते. आईला एकीकडे अभिमान वाटतो, दुसरीकडे पोटात गोळा येतो. "इतक्या लांब पडलं, तर कोण बघणार?" हा तिचा प्रश्न खरा आहे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. यातले बरेचसे इथे वस्तीच्या उतारावर सायकल पळवणाऱ्या पोरांनाही लागू पडते.

वाटेचा रंग काय सांगतो?

स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या दक्षिणेला, पीबल्स गावाजवळ ग्लेनट्रेस नावाचे जंगल आहे. तिथे डोंगरात सायकलसाठी खास वाटा बांधल्या आहेत. 2023 च्या जागतिक सायकल स्पर्धेतील माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यती इथे झाल्या. ब्रिटनमधल्या अशा जंगलांत वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी वाट सोपी, निळी मध्यम, लाल अवघड आणि काळी फार अवघड. लाल-काळ्या वाटांवर मोठे दगड, झाडांची मुळे, उंच पायऱ्या आणि तीव्र उतार असतात.

गावाकडे लहानपणापासून सायकल चालवली आहे, म्हणून थेट लाल वाट धरू नये. आधी हिरवी, मग निळी. मित्र पुढे गेले तर जाऊ द्यावेत. "मला जमणार नाही" म्हणण्यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी शरीराचा विचार

विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. ज्याला हा आजार आहे, त्याला थंडी, अति दमणूक आणि शरीरातले पाणी कमी होणे या तिन्ही गोष्टींनी तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. डोंगरातल्या चढावर तिन्ही एकदम भेटतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. जे फक्त वाहक आहेत, त्यांना सहसा त्रास होत नाही. तरी त्यांनी पाणी भरपूर प्यावे आणि दम लागेपर्यंत ताणू नये. तपासणीचा कागद मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगा. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात हवा. रक्त कमी असलेल्या मुलींनी आधी उपचार घ्यावेत, मग चढ चढावा.

हेल्मेट आणि ब्रेक

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर आडवे बसले पाहिजे. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे मावावीत, जास्त नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. वरून धड दिसले तरी ते आतून चेपलेले असू शकते.

उतारावर सीटवरून थोडे उठावे, दोन्ही पॅडल समान उंचीवर ठेवावेत, गुडघे सैल आणि अंगाचे वजन किंचित मागे. दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावेत. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही.

पडल्यावर काय पाहावे?

*डोके :* पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी एक जरी दिसले तरी लगेच दवाखाना. मान दुखत असेल तर त्या व्यक्तीला हलवू नये. वरवर ठीक वाटले तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये आणि पहिले 24 तास एकटे राहू नये.

*पोट :* हँडलचे टोक पोटात घुसले तर बाहेर फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत किंवा प्लीहा फाटून रक्तस्राव होऊ शकतो. पोटात वाढते दुखणे, खांद्यात कळ, चक्कर, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. काही तासांनी दिसली तरी दुर्लक्ष करू नये.

*हाड :* हात टेकून पडल्याने मनगट आणि गळ्याजवळचे हाड मोडते. हात झोळीत बांधून दवाखान्यात न्यावे. चोळू नये, ओढू नये.

मदत कशी मागावी?

ब्रिटनमध्ये 999 किंवा 112 लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या रेंजवर हा फोन लागू शकतो. वाटेचे नाव, रंग आणि जवळच्या खांबावर क्रमांक असेल तर तो सांगावा. एकट्याने जाऊच नये.

खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नका, हे मुलांना आवर्जून सांगा. सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी व्हिसा घेताना आरोग्य अधिभार भरलेला असतो. त्यामुळे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, म्हणजे एनएचएसचा, दवाखाना त्यांच्या हक्काचा आहे.

तिथल्या गवतात गोचीड असते. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. पुढच्या काही आठवड्यांत लाल, पसरत जाणारे वर्तुळ दिसले तर तो लाइम आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या वस्तीत

आज संध्याकाळीच घरची सायकल तपासा. हँडलच्या टोकाचे रबर निघून लोखंडी नळी उघडी पडली असेल तर लगेच नवे रबर बसवा. दहा-वीस रुपयांची ही वस्तू मुलाचे पोट वाचवते. दोन्ही ब्रेक लागतात का पाहा. जखम नळाच्या पाण्याने धुवा. त्यात हळद, राख, चहापत्ती भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले ते डॉक्टरांना सांगा. डोक्याला किंवा पोटाला मार असेल तर मांत्रिक नको, वैदू नको, 108 ला फोन करा.

भीतीपोटी पोरांना, विशेषतः पोरींना, घरात कोंडणे हा उपाय नाही. त्यांना मोकाट सोडणे हाही नाही. तथागतांनी दाखवलेला मध्यम मार्ग इथेही कामाचा आहे. लेकीला सायकल द्या आणि तिच्या हाती हेल्मेटही द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!