मुलींचं शिबिर, मुलींचा कारभार

आठवी-नववीच्या मुलींना दोन रात्री डोंगरात नेलं म्हणून नेतृत्व अंगी येत नाही. बाई शिट्टी वाजवणार, मुली रांगेत उभ्या राहणार, जेवण आचारी रांधणार, असं शिबिर म्हणजे लांबलेली सहल. खरं काम आणि त्यातला खरा निर्णय मुलींच्या हाती आला, तरच काही घडतं. गाईड चळवळीने हे फार आधी ओळखलं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काऊट मेळाव्याला काही मुली न बोलावता गेल्या आणि आम्हालाही हे हवं म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाईड सुरू झालं आणि १९११ मध्ये जबलपूरला भारतातलं पहिलं पथक उभं राहिलं. सहा-आठ जणींचा गट आणि त्यांच्यातलीच एक नायिका, ही त्यांची रीत. खालची कृती त्याच रीतीवर बेतलेली आहे. शाळेत गाईडचं पथक नसलं तरी ती करता येते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा निवडा. जागा गावाजवळची आणि बारमाही पाण्याची हवी. ग्रामपंचायतीला आणि जमीन वनखात्याची असेल तर त्यांना आधी विचारा. अभयारण्यात चूल पेटवायचा विचारही नको. तिथे गॅसची छोटी शेगडी कुठे चालेल, तेही त्यांनाच विचारा.

तीन आठवडे आधी सहा-सहा जणींचे गट पाडा. प्रत्येकीला एक मैत्रीण निवडू द्या, बाकीच्या तुम्ही मिसळा. नायिका कायमची नेमू नका, नाहीतर वर्गातली मॉनिटरच तिथेही मॉनिटर होते. एका जेवणापासून पुढच्या जेवणापर्यंत एक नायिका धरली, तर दोन रात्रींत सहाही जणींची वेळ येते. अबोल मुलीला दुसरा किंवा तिसरा क्रमांक द्या. अगदी सुरुवातीचा गोंधळ तिच्या वाट्याला येऊ नये आणि शेवटपर्यंत वाट बघून ती कोमेजूही नये.

मग वाणसामानाचे पैसे गटाच्या हातात ठेवा. यादी, भाव, हिशोब सगळं त्यांचं. सहा जणींच्या खिचडीला अर्धा किलो तांदूळ आणि पाव किलो मूगडाळ पुरते, एवढा अंदाज फार तर द्या. मीठ विसरल्या तर शेजारच्या गटाकडे मागायला त्यांनाच जाऊ द्या. मागणं आणि देणं, दोन्ही त्यातूनच येतं.

मुक्कामी पोचल्यावर तंबू कुठे ठोकायचा हे नायिका ठरवेल. तुम्ही फक्त विचारा: रात्री वारा कुठून येईल? उतार कुठे आहे? वर वाळलेली फांदी आहे का? उत्तर त्यांना शोधू द्या.

खरी परीक्षा चुलीपाशी असते. तीन दगड हलणार नाहीत असे बसवायचे, पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी घासत बसावं लागत नाही. सरपण गोळा करताना हात सरळ दगडाखाली घालायचा नाही, आधी काठीने हलवून बघायचं. सह्याद्रीत फुरसं अशाच जागी असतं. इतकं दाखवून मागे व्हा. धूर होईल, एक जण डोळे चोळेल, दुसरी म्हणेल, “बाई, तुम्हीच पेटवा ना.” पेटवू नका. “तुमची नायिका काय म्हणते?” एवढंच विचारा आणि थांबा. भूक लागलेली असताना सहा जणींना एकत्र ठेवणं हे त्या नायिकेचं काम आहे, आणि ते कुठल्याही व्याख्यानात शिकवता येत नाही.

कुणाची पाळी सुरू असेल तर ती चुलीपासून, पाण्यापासून, नायिकेच्या मानापासून बाजूला बसणार नाही, हा नियम निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगा, पालकांनाही. पॅड जास्तीचे ठेवा. वापरलेले कागदात गुंडाळून, बंद पिशवीत परत आणायचे.

काही गोष्टी मात्र मुलींवर सोडायच्या नाहीत: पिण्याचं पाणी उकळणं, रात्रीचा पहारा, विहीर-तळ्याजवळ जाणं, औषधांची पेटी, दवाखान्यापर्यंतची गाडी. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला ना धूर, ना अत्तर, ना आरडाओरडा. सोबत किमान दोन जबाबदार स्त्रिया हव्यातच.

रात्री जेवणं आटोपल्यावर गट गोल बसेल. आधी नायिका, मग बाकीच्या, सगळ्यांत शेवटी तुम्ही. “आज कुणाचं म्हणणं ऐकायचं राहिलं?” हा प्रश्न रोज विचारा. पहिल्या रात्री गप्प बसतील. दुसऱ्या रात्री एखादी सांगेल की दुपारी पाण्याचा रस्ता तिला माहीत होता, पण कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यावर तुम्ही समजूत काढायला जाऊ नका. नायिकेने काय करायला हवं होतं, हे गटाला ठरवू द्या आणि दुसऱ्या दिवशीच्या नायिकेकडून तेच करून घ्या.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत याच गटांना शाळेतलं एक खरं काम सोपवा: स्नेहसंमेलनाचं जेवण, ग्रंथालयाची मांडणी, काहीही, पैसे आणि निर्णय त्यांच्याकडे राहिले म्हणजे झालं. पुढच्या वर्षीच्या शिबिराची जागा बघायलाही याच मुलींना सोबत न्या आणि सातवीच्या मुलींचे गट त्यांनाच पाडू द्या.