राहणाऱ्या मूत्रपिंडाची चौकशी आधी

पोरी, कुत्र्याचं मूत्रपिंड काढायची वेळ तुझ्यावर येईलच. तेव्हा एवढं ध्यानात ठेव.

आजारी मूत्रपिंड सगळेच बघतात, तू आधी दुसरं बघ. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून पाऊण काम बंद पडेपर्यंत तो आकडा बहुधा हलत नाही. सोनोग्राफी कर, शिरेतून डाय देऊन एक्स-रे काढ. डाय दिसला म्हणजे काम चोख चाललंय असं नव्हे. पण राहणाऱ्या बाजूला तो उतरलाच नाही, तर सुरी खाली ठेव.

फुगलेलं मूत्रपिंड दिसलं की काढलं, असंही करायचं नाही. मूत्रनलिकेतला अडथळा लवकर सुटला, तर बरंचसं काम परत येतं. पूर्ण अडथळ्याला 4 आठवडे उलटले, की मात्र फारसं हाती लागत नाही.

लघवी तुंबलेलं जनावर थेट टेबलावर घेऊ नकोस. पोटॅशियम चढलेलं असेल, तर भुलीत हृदय दगा देतं. आधी सलाईन आणि ईसीजी, मग भूल.

चिरा ऐसपैस घे. उजवं मूत्रपिंड यकृताला टेकलेलं. त्याची शीर आखूड आणि महाशिरेला लागून, तिथं घाई नको. डावीकडे कधीकधी दोन धमन्या निघतात, म्हणून मूत्रपिंड आतल्या बाजूला उलटवून मागून बघ. धमनी आधी, शीर नंतर; दोन्ही वेगवेगळ्या बांध. डाव्या शिरेला वृषणाची किंवा बीजकोशाची शीर येऊन मिळते. पैदाशीचं जनावर असेल, तर गाठ त्या सांध्याच्या अलीकडे, मूत्रपिंडाच्या अंगाला मार.

मूत्रनलिका मूत्राशयापर्यंत सोडवून तिथंच बांध. अर्धी मागे ठेवलीस, तर पुढे तिथं पू धरायची भीती. मूत्रपिंड न काढता खड्यासाठी नुसतं चिरलंस, तर दाबून धरलेली धमनी 20 मिनिटांच्या आत मोकळी कर. काढलेला अवयव फेकू नकोस, फॉर्मलीनमध्ये तपासणीला पाठव.

नंतर लघवी मोज. 10 किलोच्या कुत्र्याला तासाला निदान 10 मिली हवीच. दुखतंय म्हणून सवयीनं मेलोक्सिकॅम टोचू नकोस.

धडधाकट असलेल्या एका मूत्रपिंडावर कुत्रा वर्षानुवर्षं मजेत जगतो, हे मालकाला समजावून सांग. आणि केसपेपरवर लाल शाईनं लिही: ‘एकच मूत्रपिंड’. उद्या दुसरा डॉक्टर जेंटामायसिन भरायच्या आधी थांबेल.