अळंबीची ओळख गावाबाहेर चालत नाही

पडवीत टांगलेल्या पिशवीतून धिंगरी अळंबीची पहिली तोडणी हाती आली की माणसाची नजर बदलते. आजवर न दिसलेल्या छत्र्या त्याला जागोजागी दिसू लागतात. सोसायटीच्या लॉनवर, कुजलेल्या ओंडक्यावर, शेणखताच्या ढिगाशेजारी. अळंबी वाढवायचा छंद लागलेल्या कितीतरी जणांच्या बाबतीत मी हे पाहिलं आहे, आणि माझंही वेगळं झालं नाही. हा छंद धोक्याचा होतो तो इथेच, पडवीपासून लॉनपर्यंतच्या वीस पावलांत.

पिशवीतली धिंगरी खात्रीची असते, पण ती खात्री वाढवणाऱ्याच्या नजरेतून आलेली नसते. ती प्रयोगशाळेतून येते. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर एकाच जातीची बुरशी निर्जंतुक वातावरणात वाढवून स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं तयार केलं जातं. हिमाचलातल्या सोलन इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं अळंबी संशोधन संचालनालय आहे, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्प चालतो. अशा ठिकाणचं ताजं, पांढरंशुभ्र स्पॉन आणलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं स्वच्छतेचं.

भाताचा पेंढा, गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं कुटार, जे मिळेल ते कोरडं आणि पावसात न भिजलेलं हवं. त्याचे बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचे आणि साधारण 80 अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायचे. नंतर इतकं निथळू द्यायचं की मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. ओलावा जास्त राहिला की पिशवीत हिरवी बुरशी शिरते. हिरवा डाग दिसलेली पिशवी वाचवायच्या भानगडीत पडू नये, ती उघडण्याआधीच घरापासून लांब नेऊन पुरावी. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्पॉन थरांमध्ये पेरलं, की पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढऱ्या तंतूंनी भरून जाते. मग प्लॅस्टिक काढायचं, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि हवा खेळती ठेवायची. देठ लांब आणि टोप्या बारीक येऊ लागल्या तर कोंदट हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो आहे असं समजावं, खत-पाण्यात कारण शोधू नये. धिंगरीला 20 ते 28 अंश तापमान मानवतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही. तेव्हा 30 ते 35 अंशांत येणारी दुधी अळंबी बरी.

दोन गोष्टी मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. पहिली म्हणजे धिंगरीचे बीजाणू. टोपीच्या कडा वर वळायला लागल्या की ती प्रचंड प्रमाणात बीजाणू सोडते. बंद खोलीत रोज ते श्वासातून आत गेले तर खोकला, ताप आणि छातीत जडपणा येऊ शकतो. अळंबी उत्पादकांमध्ये हा फुप्फुसाचा विकार जगभर ओळखीचा आहे. म्हणून तोडणी कडा वळण्याआधी करावी, मास्क लावावा, आणि पिशव्या झोपायच्या खोलीत कधीही टांगू नयेत. घरात दमेकरी असेल तर हा छंद घराबाहेरच्या शेडमध्येच हवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काड नीट तापलं नसेल तर त्याच पिशवीवर धिंगरीच्या आधी बारीक देठांच्या, राखाडी टोप्यांच्या परक्या छत्र्या उगवतात. एका दिवसात त्या काळ्या पडून शाईसारख्या विरघळतात. पिशवी आपली, बियाणं आपलं, तरी उगवलेलं आपलं नव्हे. माझ्या पडवीत हे झालं तेव्हा घरातल्या एकाने सहज विचारलं होतं, यांची भाजी होते का? प्रश्न अगदी स्वाभाविक होता, म्हणूनच मला तो भीतीदायक वाटला. पेरलेल्या जातीचं रूप आधी पाठ करावं आणि त्याहून वेगळं जे दिसेल ते काढून टाकावं. यात अपवाद करू नये.

आता रानाकडे वळू. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खाल्ली जाते, आणि त्या माणसांच्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. ही अळंबी वारुळावर येते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याचा लगदा रचून त्यावर ही बुरशी जोपासते, आणि पावसाने जमीन भिजली की तिथून छत्र्या वर येतात. देठ खाली मुळासारखा लांबच लांब वारुळापर्यंत जातो, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. काढणाऱ्याला हे रूप ठाऊक असतंच, पण त्याचं खरं ज्ञान जागेचं असतं. कुठलं वारूळ, पावसाच्या कुठल्या टप्प्यावर, गेल्या वर्षी किती आली होती, हे सगळं त्याला माहीत असतं. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, त्यामुळे वारूळ फोडायला हात धजत नाही, हेही त्या ज्ञानाचंच अंग आहे. या अळंबीची बेसुमार काढणी थांबावी म्हणून गोव्यातले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत अनेक वर्षं लिहीत-बोलत आले आहेत.

हेच ज्ञान शहरात आणलं की पांगळं होतं. पावसाळ्यात लॉनवर उगवणारी एक मोठी पांढरी, टोपीवर तपकिरी खवले असलेली छत्री बघा. देठावर वर-खाली सरकणारं कडं असतं आणि तिचं देखणेपण कुणालाही भुलवेल असं असतं. तिचं नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. कोवळेपणी तिच्या टोपीखालचे कल्ले पांढरे असतात, त्यामुळे फसगत होते. टोपी कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून रात्रभर ठेवली, तर सकाळी बीजाणूंचा हिरवट छाप उमटतो. ही चाचणी मुलांना दाखवण्यासारखी आहे, पण तिच्या भरवशावर जेवू नये. छाप पांढरा आला म्हणून छत्री निर्धोक ठरत नाही, कारण अमानिटा गटातल्या जीवघेण्या छत्र्यांचा छापही पांढराच असतो.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या परीक्षांचंही असंच आहे. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, शिजताना लसूण काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली. यातली एकही परीक्षा खरी नाही. गोगलगाय आणि अळ्या माणसाला मारणाऱ्या अळंब्या बिनधास्त खातात. उकळून, वाळवून किंवा तळून अमानिटाचं विष जात नाही.

या भुलीची किंमत जगाने मोजली आहे. दक्षिण-पूर्व आशियात पेंढ्यावरची अळंबी नेहमीच्या जेवणात असते, आणि डेथ कॅप नावाची अमानिटा कोवळी असताना थेट तशीच दिसते. ही मूळची युरोपातली. झाडांच्या मुळांबरोबर ती कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात पोचली. 2011 च्या वर्षअखेरीस कॅनबेरात एका आचाऱ्याने ती गोळा करून रांधली, आणि त्या जेवणाने त्याचा व त्याच्या एका सहकाऱ्याचा जीव गेला. 2016 च्या डिसेंबरात उत्तर कॅलिफोर्नियात चौदा जणांना याच छत्रीची बाधा झाली आणि तिघांना यकृत बदलावं लागलं. एप्रिल 2022 मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने एक लक्षात ठेवावं: वारुळावरची आपली अळंबी फक्त आशिया आणि आफ्रिकेत होते. कॅलिफोर्नियातल्या ओकखाली दिसलेली पांढरी छत्री गावच्या अळंबीची बहीणसुद्धा नाही.

सुशिक्षित, निसर्गात रमणारी माणसंही यातून सुटत नाहीत. ‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीचे लेखक निकोलस इव्हान्स यांनी ऑगस्ट 2008 मध्ये स्कॉटलंडमध्ये स्वतः गोळा केलेल्या अळंब्या कुटुंबाबरोबर खाल्ल्या. त्या कॉर्टिनारियस गटातल्या, थेट मूत्रपिंडावर घाला घालणाऱ्या होत्या. खाणाऱ्या चौघांपैकी तिघांना पुढे नव्या मूत्रपिंडाची गरज पडली. इव्हान्स यांना 2011 मध्ये त्यांच्या मुलीने आपलं मूत्रपिंड दिलं. त्याआधीची वर्षं त्यांनी डायलिसिसवर काढली, आणि आपला अनुभव पुढे जाहीरपणे सांगून लोकांना सावध केलं.

अमानिटाच्या बाबतीत वेळेचा खेळ समजून घेतला पाहिजे. पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला बरं वाटू लागतं. याच वेळी नातेवाईक त्याला घरी न्यायला निघतात, आणि याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. म्हणून उशिरा सुरू झालेली उलटी ही लवकर सुरू झालेल्या उलटीपेक्षा अधिक गंभीर मानावी. घरगुती उपाय करत बसू नये, 108 वर फोन करून मोठ्या रुग्णालयात जावं. शिजवलेल्या भाजीचा अंश, कागदी पिशवीत न शिजवलेली छत्री आणि शक्य असेल तर उलटीचा नमुना बरोबर न्यावा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सगळ्यांना त्रास नसला तरी तपासून घ्यावं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र डॉक्टरांना चोवीस तास सल्ला देतं, हे आपल्या डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

रानातल्या अळंबीची आवड असेल तर ती काढणाऱ्या माणसाबरोबर त्याच्याच रानात चार पावसाळे जा. छत्री कापू नका, बुंध्यासकट उकरून बघा, कारण अमानिटाची पिशवीसारखी वाटी मातीत दडलेली असते. तोवर ताटात पडवीतली धिंगरीच येऊ द्या. आणि घरात रांगतं मूल असेल तर पावसाळाभर रोज सकाळी अंगणात एक फेरी मारून उगवलेल्या छत्र्या उपटून टाका.