बाजरीची रोगपरीक्षा

भारतातील बाजरीचा पहिला संकरित वाण एच. बी. १ हा १९६५ साली लुधियाना येथून प्रसारित झाला. त्याच्या पाठोपाठ एच. बी. ३ हाही वाण लोकप्रिय ठरला. मात्र १९७०-७१ पासून आलेल्या गोसावी अर्थात केवडा रोगाच्या साथींत हे वाण बळी पडले. या संकरांची मादी टिफ्ट २३ ए ही एकच होती. त्यामुळे तिचा दुबळेपणा असंख्य शेतांत एकाच वेळी उघडा पडला.

या रोगाचा कारक बुरशीसारखा दिसत असला, तरी तो खऱ्या बुरशीच्या वर्गात मोडत नाही. रोगट पाने पिवळी पडून त्यांच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसते. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुबके येतात. रोगाचे सुप्त बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकून राहतात.

अशा रोगाला कोणता वाण तोंड देईल, हे ओळखण्यासाठी संशोधन केंद्रांवर मुद्दाम रोगट क्षेत्र तयार करण्यात येते. तेथे रोगास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी सुमारे तीन आठवडे आधी पेरतात. त्यांवरील बीजाणू रात्रीच्या दमट हवेत शेजारच्या परीक्षणाधीन वाणांवर पसरतात. हवेतील ओलावा टिकावा म्हणून तुषार सिंचन करतात. पेरणीनंतर सुमारे तीस दिवसांनी व पुन्हा दाणे भरताना रोगट झाडे मोजली जातात.

निरोगी दिसणारा प्रत्येक वाण प्रतिकारक असतोच असे नाही. कदाचित रोग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नसेल. म्हणून मधूनमधून रोगास बळी पडणाऱ्या वाणाच्या निर्देशक ओळी ठेवतात. त्या ओळी रोगाने ग्रासल्या, तरच परीक्षा ग्राह्य धरली जाते. ठिकाणागणिक रोगकारकाची आक्रमकता भिन्न असल्याने हीच परीक्षा अनेक केंद्रांवर घ्यावी लागते.

प्रतिकारशक्ती कायमची नसते. एच. एच. बी. ६७ या वाणावरील रोगाचा धोका ओळखून त्याच्या जनक वाणांत जनुकीय खुणांच्या साहाय्याने प्रतिकारशक्ती आणण्यात आली व २००५ साली सुधारित वाण प्रसारित झाला.

केंद्रावर उत्तीर्ण झालेल्या वाणाची परीक्षा शेतात चालूच राहते. रोगट झाडे दिसताच उपटून जाळावीत. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर गोसावी आढळल्यास ग्रामपंचायतीने कृषी विभागास विनाविलंब कळवावे. पुढील साथीची पहिली सूचना अशाच एखाद्या शिवारातून मिळू शकते.