राष्ट्रपती राजवटीला लगाम आहे का?

प्रश्न : बहुमतातले राज्य सरकार केंद्राला नकोसे झाले, तर ते राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ वापरून घालवता येते का?

उत्तर : केवळ नकोसे झाले म्हणून नाही. पण एके काळी हे सर्रास घडले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारे घालवली आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्याचीच परतफेड केली. त्यात महाराष्ट्रातले शरद पवारांचे सरकारही गेले. हे कलम वापरायची वेळच येऊ नये, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत व्यक्त केली होती. दोन्ही पक्षांनी ती धुळीला मिळवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

लगाम बसला तो १९९४ च्या बोम्मई निकालाने. १९८९ मध्ये कर्नाटकात काही आमदारांच्या पत्रांवर विसंबून राज्यपालांनी बहुमत गेल्याचा अहवाल पाठवला. सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची मुख्यमंत्री बोम्मईंची तयारी असूनही संधी न देता सरकार बरखास्त केले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले की बहुमताचा फैसला विधानसभेतच व्हावा, राजभवनात नव्हे. राष्ट्रपतींची घोषणा न्यायालय तपासू शकते. संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. घोषणा घटनाबाह्य ठरली, तर बरखास्त सरकार परत आणता येते.

बोम्मईंना स्वतःला खुर्ची परत मिळाली नाही, निकालाला पाच वर्षे लागली. २०१६ मध्ये मात्र अरुणाचल प्रदेशातले घालवलेले सरकार न्यायालयाने पुन्हा प्रस्थापित केले.