जुन्या फियाटचा आतला साज

कोपरीहून ठाणे स्टेशनात शिरावे, लोकल धरावी. सुमारे अर्ध्या तासात कुर्ला येते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिचा कारखाना या कुर्ल्यात होता. तिथे फियाट मोटार होई. १९६४ पासून ‘डिलाइट’ निघाली. १९७४ साली त्याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. पुढे ती निघेनाशी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

आता हौशी लोक या गाड्या जपतात. कारखान्यातून निघाली तशीच गाडी आतून दिसावी, असा त्यांचा हट्ट असतो. हे काम गॅरेजातल्या आपल्याच माणसांच्या हाती येते. चुकीचा भाग बसला तर गाडीची किंमत उतरते, कारागिराचा शब्दही उतरतो. म्हणून आम्ही चार खुणा सांगतो.

पहिली खूण लपलेल्या जागेची. सीटखाली, हॅंडलच्या चकतीखाली ऊन पोचत नाही. तिथे मूळ रंग टिकतो. वर काळे रेक्झिन, आणि उसवल्यावर खाली तांबडे निघाले, तर तांबडे आधीचे समजावे.

दुसरी खूण भोकांची. दाराच्या पत्र्याला भोके कारखान्यातच पाडलेली असतात. पॅडच्या क्लिपा त्यांत नीट बसल्या पाहिजेत. नवे भोक पाडायची वेळ आली, तर हात थांबवावा.

तिसरी खूण सालाची. १९५०–६० च्या काळातल्या ‘डुक्कर’ फियाटच्या पुढच्या दाराची बिजागरी मागच्या अंगाला असे. डिलाइट आणि पद्मिनीची पुढच्या अंगाला. म्हणून एकीचे पॅड दुसरीला चालत नाही. आधी गाडीचे साल विचारावे.

चौथी खूण अक्षरांची. भाग उलटा करून पाहावा. पाठीवर छाप किंवा नंबर असेल तर कंपनीच्या पुस्तकाशी ताडून घ्यावा. चोरबाजारात विकणारा म्हणेल, “एकदम ओरिजनल!” आपण त्याच्या तोंडाकडे न पाहता नंबर वाचावा. आपण वाचायला शिकलो, ते इथे कामी येते.

आणखी एक. काढलेला भाग भंगारात टाकू नये. पिशवीत घालावा, वर चिठ्ठी लावावी: ‘डावे दार, पुढचे.’ फाटका असला तरी नवा कापायला तोच माप देतो. एकदा गेला, की कारखान्यातून दुसरा येणार नाही.

सांगा पाहू :
१. मूळ रंग कुठे टिकतो?
२. डुक्कर फियाटचे पॅड पद्मिनीला का चालत नाही?
३. काढलेल्या भागावर चिठ्ठी का लावावी? एक चिठ्ठी लिहून दाखवा.